खारीक, सैंधव आणि उदबत्तीची काडी: करार मोडतो दिल्लीत, हिशेब लागतो मार्कंड्याच्या जत्रेत

यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला आली आणि त्याच आठवड्यात रमजान. वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची जत्रा भरायची आणि इकडे मोहल्ल्यात इफ्तारच्या याद्या निघायच्या, असा योग. जत्रेच्या आदल्या दिवशी आम्ही चामोर्शीच्या एका किराणा दुकानात उभे होतो. आमच्या पुढे एक ताई उपवासासाठी सैंधव मीठ मागत होत्या आणि आमच्या यादीत पहिलंच नाव खारकेचं होतं. दुकानदार चाचा हसून म्हणाले, "मास्टरसाब, ह्या दोन्ही चिजा एकाच रस्त्याने यायच्या. तो रस्ताच बंद झाला. आता कुठून कुठून फिरून येतात, ते आम्हालाही नीट माहीत नाही."

चाचा बोलले ते बरोबरच होतं. सैंधवाची मोठी खाण पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये खेवड्याला आहे, आणि खारीक पिकते सिंधमध्ये, खैरपूरच्या बाजूला. महाशिवरात्रीचा उपवास आणि ईदचा शीरखुर्मा, दोघांचा माल अटारीच्या एकाच फाटकातून यायचा. फाटक बंद झालं तेव्हा त्याने कोणाचा सण आहे हे विचारलं नाही.

देशाने एखाद्या व्यापारी गटातून बाहेर पडावं की आत राहावं, ही चर्चा टीव्हीवर होते तेव्हा ती मोठ्या लोकांची वाटते. पण तिचा शेवट किराण्याच्या पुडीत होतो. म्हणून आम्ही ठरवलं की जत्रेतल्या चार-पाच वस्तू हातात घेऊन हा हिशेब मांडून बघावा.

आधी मोठी गोष्ट: आरसीईपी

२०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आशियातल्या १६ देशांनी एका मोठ्या व्यापार कराराची बोलणी सुरू केली. आसियानचे १० देश, शिवाय चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आपला भारत. सात वर्षं बोलणी चालली. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने सांगितलं की आम्ही यात नाही. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला.

भारत बाहेर का पडला? कारणं उघड होती. २०१८-१९ मध्ये या १५ देशांशी आपली व्यापारी तूट १०० अब्ज डॉलरच्या वर होती, आणि त्यातली निम्मी एकट्या चीनशी. न्यूझीलंडच्या दूध पावडरीने आपल्या दूध उत्पादकाचं काय होईल, ही भीती होती. शेतकरी संघटना, दूध संघ, छोटे कारखानदार, सगळे विरोधात होते. सरकार आणि विरोधक दोघेही एका बाजूला, असं फार कमी वेळा होतं, तेव्हा झालं.

आता सहा वर्षं उलटली. बाहेर राहून काय मिळालं? चीनशी तूट २०१८-१९ मध्ये ५३ अब्ज डॉलरच्या वर होती, ती २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरवर गेली. म्हणजे दार लावलं, तरी माल येतच राहिला. मोबाईलचे भाग, सोलरच्या पट्ट्या, औषधांचा कच्चा माल, यंत्रं, हे आपल्याकडे पुरेसं बनत नाही. मग कर भरूनही ते आणावंच लागतं. आणि हेही लक्षात घ्या की जपान, कोरिया, आसियान यांच्याशी आपले वेगळे करार आधीपासून आहेत. ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये झाला. म्हणून 'आरसीईपी सोडलं' याचा व्यवहारातला अर्थ मुख्यतः एवढाच निघतो की चीनला सवलत दिली नाही.

तर मग सगळं फुकट गेलं का? नाही. त्यासाठी उदबत्तीची काडी बघा.

काडी आमची, पण यायची परदेशातून

मार्कंडेश्वरापुढे जळते ती उदबत्ती आणि दर्ग्यावर जळते ती अगरबत्ती, दोघींच्या आत बांबूची काडी आहे. आपला गडचिरोली-चंद्रपूरचा मुलूख म्हणजे बांबूचं घर. तरीही कित्येक वर्षं देशातल्या उदबत्तीची काडी चीन आणि व्हिएतनाममधून येत होती.

हे झालं कसं? २०११ मध्ये बांबूच्या काडीवरचा आयात कर ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणला गेला. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मांडलेल्या हिशेबाप्रमाणे २००९ मध्ये ३१ कोटी रुपयांची काडी बाहेरून आली होती. २०१९ पर्यंत हा आकडा ५४६ कोटींवर गेला. घराघरात काडी छिलणाऱ्या बायांचं काम गेलं. गंमत बघा, त्याच २०११ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली स्वतःचा बांबू विकण्याचा परवाना मिळाला होता. देशभर त्याचं कौतुक झालं. म्हणजे एका हाताने सरकारने गावाला बांबूचा मालक केलं आणि दुसऱ्या हाताने बाहेरच्या काडीला बाजार मोकळा करून दिला. दोन खात्यांनी एकमेकांना विचारलं नसावं.

मग ऑगस्ट २०१९ मध्ये तयार अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि जून २०२० मध्ये काडीवरचा कर २५ टक्के झाला. भारत आरसीईपीत गेला असता, तर चीनच्या मालावर हे पाऊल टाकणं फार अवघड झालं असतं. सही केली की हात बांधले जातात. म्हणून आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने बाहेर राहण्याचा हा खरा फायदा, हे मान्य केलं पाहिजे.

पण कर वाढवला म्हणजे काम आपोआप परत येतं असं नाही. आपला मानवेल बांबू बहुतेक भरीव आणि त्याचे पेर जवळजवळ. काडीला लांब पेराचा बांबू सोयीचा पडतो. शिवाय एका बांबूतला थोडाच भाग काडीत जातो, बाकीचा भुसा आणि तुकडे. ज्या देशात त्या भुशाचाही पैसा होतो, तिथली काडी स्वस्त पडते. आपल्याकडे तो भुसा चुलीत जातो. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, ग्रामसभांकडे बांबू आहे, गावात हात रिकामे आहेत. या तिघांना जोडणारी यंत्रं आणि भांडवल गावापर्यंत पोचलं नाही, तर आयात कराने मिळालेली सवड नुसती निघून जाते.

खेळणी: दुसरी बाजू

जत्रेत आपल्या समाजाची बरीच दुकानं असतात. बांगड्या, कटलरी, खेळणी, खजूर. खेळण्यांच्या दुकानदाराला विचारा, तो वेगळी गोष्ट सांगेल. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचा आयात कर २० टक्क्यांवरून ६० झाला, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआयचं चिन्ह बंधनकारक झालं. परदेशी खेळण्यांची आयात खूप घटली आणि देशात कारखाने वाढले. हे चांगलंच झालं. मुलांच्या तोंडात जाणारा रंग तपासलेला असावा, यात वाद नाही.

मात्र जत्रेतला फिरता दुकानदार आपला माल नागपूरच्या ठोक बाजारातून पोत्याने उचलतो. त्यातल्या कुठल्या शिट्टीवर चिन्ह आहे आणि कुठल्या भोंग्यावर नाही, हे तो कुठे बघत बसणार? कायदा मोडला तो वरच्याने, माल जप्त होईल तो खालच्याचा. आम्ही आपल्या दुकानदार भावांना हेच सांगतो की माल घेताना चिन्ह बघा आणि पक्की पावती मागा. लाकडाची, बांबूची खेळणी बनवणारे नोंदणीकृत कारागीर या नियमातून वगळलेले आहेत. ज्यांच्या हातात कला आहे त्यांनी ती नोंदणी करून घ्यावी.

खारकेवर तिप्पट

आता पुन्हा चाचांच्या दुकानात येऊ. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणे भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला इतर देशांसारखीच वागणूक देणारा दर्जा दिला होता. पुढे सार्क देशांचा साफ्टा करारही झाला. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात आपले जवान शहीद झाले. दुसऱ्या दिवशी तो दर्जा काढला गेला आणि १६ फेब्रुवारीपासून पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के कर लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपल्या बाजूने व्यापार थांबवला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला, अटारीचं फाटक बंद झालं आणि २ मे २०२५ ला तिथल्या मालावर पूर्ण बंदी आली, मग तो थेट येवो की तिसऱ्या देशातून.

२०० टक्के म्हणजे काय? १०० रुपयांची खारीक सरहद्दीवरच ३०० ची झाली. त्यावर भाडं, दलाली, नफा वेगळा.

निष्पाप लोकांना मारणाऱ्यांबद्दल कोणाच्याही मनात मऊ कोपरा असू नये, आणि आमच्या मनात तो नाही. देशाने राग दाखवला, तो देशाचा हक्क आहे. शीरखुर्म्यात खारीक नसली तर ईद अडत नाही. पण विश्लेषण करायचं तर भावनेपलीकडे जाऊन विचारावं लागतं की चटका कोणाला बसला? २०१८-१९ मध्ये पाकिस्तानातून आपली आयात साधारण ५० कोटी डॉलरची होती. एवढ्या मोठ्या देशाच्या खरेदीत ती चिमूटभर. देश म्हणून आपल्याला काही जाणवलं नाही. जाणवलं अटारीच्या हमालांना, ट्रकवाल्यांना, अमृतसरच्या व्यापाऱ्यांना. आणि शेकडो कोसांवर, थोडं का होईना, चामोर्शीच्या गिऱ्हाईकाला.

भिंत उंच झाली की खालून बिळं पडतात, हेही दिसलं. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने ३९ कंटेनर पकडले. दुबईमार्गे, अमिरातीचा माल असल्याचं दाखवून आणलेला पाकिस्तानी माल. त्यात खारीकही होती. म्हणजे नफा तिसऱ्याचा, चढा भाव गिऱ्हाईकाचा. आणि संशय? तो मात्र जत्रेत खजूर-खारीक विकणाऱ्या माणसावर. ज्याने आयुष्यात बंदर पाहिलं नाही त्याला "हा माल कुठला रे?" असं दरडावून विचारलं जातं. म्हणून पुन्हा तेच सांगावंसं वाटतं की ठोक व्यापाऱ्याची पावती जवळ ठेवा. ती कागदाची चिठ्ठी तुमची इज्जत राखेल.

तेल: गिऱ्हाईकाने दिलं, शेतकऱ्याला मिळालं नाही

जत्रेतली भजी, जिलेबी, आपल्या इफ्तारचे समोसे, सगळं तेलावर. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियाचं, आणि हे दोघेही आसियानमध्ये. त्यांच्याशी आपला करार १ जानेवारी २०१० पासून आहे. पण करार असूनही भाव स्थिर राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये मलेशियाच्या पंतप्रधानांनी काश्मीरबद्दल केलेल्या बोलण्यावरून वाद पेटलेला असताना रिफाइंड पामतेलाच्या आयातीवर निर्बंध आले. कागदावर कोणा देशाचं नाव नव्हतं, पण अर्थ सगळ्यांना कळला. एप्रिल २०२२ मध्ये उलटं झालं. इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल पुरावं म्हणून निर्यातच काही आठवडे बंद केली. तेव्हा करार असला तरी विकणाऱ्याने हात आखडला की घेणाऱ्याचं काही चालत नाही.

त्याहून शिकण्यासारखं सप्टेंबर २०२४ मध्ये घडलं. सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयात कर ५.५ टक्क्यांवरून २७.५ केला गेला. तेलाचा पुडा लगेच महागला. सोयाबीन मात्र त्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. वरोरा, राजुऱ्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. मे २०२५ च्या अखेरीस कर पुन्हा कमी करावा लागला. मग वाढलेला पैसा कुठे गेला? थोडा सरकारी तिजोरीत, थोडा मधल्या साखळीत. हमीभावाने खरेदी करणारं केंद्र दाराशी नसेल, तर आयात कर शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. हा धडा लक्षात ठेवावा.

आपण विकतो त्याचं काय?

आतापर्यंत विकत घेण्याचं बोललो. आमचा मुलूख विकतोही: धान आणि तेंदूपत्ता. त्यांच्या वाटेतल्या भिंती परदेशी नव्हत्या, घरच्याच होत्या. २० जुलै २०२३ ला सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ती २८ सप्टेंबर २०२४ ला उठवली. शहरात तांदूळ आवाक्यात राहावा, हा हेतू. पण मिलवाल्याला बंदराचा भाव नाही, तर तो धानाला कुठून देणार? आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर ज्याचा नंबर लागला तो वाचला. ज्याला लग्नासाठी, दवाखान्यासाठी लगेच पैसे हवे होते, त्याने खाजगी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात दिलं.

तेंदूपत्त्यावर २०१७ पासून १८ टक्के जीएसटी आणि बिडीवर २८. पान तोडणारी गोंड-माडिया कुटुंबं आणि बिडी वळणाऱ्या बायका, ज्यात आपल्याही भगिनी आहेत, या दोघींच्या मधे हा कर उभा होता. आठ वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, पानावरचा कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि बिडीवरचा १८ करण्याचं ठरलं. बिडी तब्येतीला वाईटच, त्याची वकिली आम्ही करत नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडी त्या दोन-तीन आठवड्यांच्या मजुरीवर कितीतरी घरांची पेरणी अवलंबून असते, हे दिल्लीला उमगायला आठ वर्षं लागली.

याच्या शेजारी एक तुलना ठेवा. काडीचा कर २०११ मध्ये घटला, तो परत वाढायला नऊ वर्षं गेली. पोलादाच्या आयातीने मोठे कारखाने अडचणीत आले, तेव्हा एप्रिल २०२५ मध्ये १२ टक्के संरक्षण कर लावायला फार वेळ लागला नाही. आमच्या चामोर्शी तालुक्यातच कोनसरीला लोहप्रकल्प उभा आहे. तो चालावा, पोरांना काम मिळावं, असं आम्हालाही वाटतं. पण पोलादवाल्याचा आवाज दिल्लीत ऐकू जातो आणि काडी छिलणारीचा जात नाही. व्यापार करारात आत असो की बाहेर, प्रश्न शेवटी कोणाचा आवाज पोचतो याचाच असतो.

आपल्या इतिहासातला एक दाखला

हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मुस्लिम व्यापाऱ्यांकडून परक्या मुलखात दशमांश कर घेतला जाई. उमर (रजि.) यांनी आदेश दिला की त्यांच्या व्यापाऱ्यांकडूनही तेवढाच घ्या. बरोबरीचा न्याय. पण त्याच उमर (रजि.) यांनी मदिनेत येणाऱ्या गहू आणि तेलावर कर निम्मा ठेवला, कारण गावात अन्न भरपूर यावं. बरोबरीचा हक्क सोडायचा नाही आणि गरिबाच्या ताटाला हात लावायचा नाही, अशी दोन्ही कलमं त्या एका धोरणात होती. आजच्या दिल्लीलाही एवढं पुरे आहे.

दुसरा दाखलाही विसरता येत नाही. मक्केत कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार टाकला होता. त्यांच्याशी खरेदी-विक्री नाही, सोयरीक नाही. पोरं उपाशी रडायची. शेवटी तो बहिष्कार मोडला तो मक्केतल्याच काही भल्या माणसांनी, जी मुस्लिमही नव्हती.

हे आज का आठवलं? फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावात, कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम दुकानदार नकोत, असा ठराव ग्रामसभेत झाला आणि राज्यभर गाजला. देश करारातून बाहेर पडतो तेव्हा निदान कागद असतो, तारीख असते, परत बसून बोलायची सोय असते. गावच्या बाजारातून माणसाला बाहेर काढलं तर तो कुठल्या संघटनेकडे दाद मागणार? आणि नुकसान एकट्याचं होत नाही. बांगडीवाला गेला तर बांगडी महाग होते, पंचायतीचा बाजारकर बुडतो, त्याला चहा विकणाऱ्याचा गल्ला रिकामा राहतो. अटारीला जे घडलं तेच, छोट्या मापात.

मार्कंड्याला आजवर तसं काही झालेलं आम्ही पाहिलेलं नाही, आणि पुढेही होऊ नये. चाचांनी त्या दिवशी आधी त्या ताईंचं सैंधव तोललं, मग आमची खारीक. दोन्ही महाग होत्या. ताई म्हणाल्या, "चाचा, थोडं कमी करा ना." चाचा म्हणाले, "भाव माझ्या हातात नाही बेटा, माप आहे." आणि त्यांनी दोघांच्याही पुडीत चिमूटभर जास्त टाकलं.